स्वतः मॅट्रिक न झालेल्या भाऊराव पाटलांनी सातारा-सांगलीच्या पोरांना हाताने काम करत शिकायला लावलं

सध्या कुठल्याही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा, शाळेच्या ‘ॲक्टिव्हिटी’चे फोटो दिसतीलच. कुणी मातीची भांडी करतंय, कुणी कुंडीत मेथी पेरतंय, कुणी बाजार भरवून भाजी विकतंय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच आहे. सहावीपासून मुलांना एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी, वर्षातले काही दिवस दप्तराविना असावेत, पाठांतरापेक्षा अनुभवातून शिकणं वाढावं असं हे धोरण सांगतं.

ऐकायला हे सगळं एकदम नवीन वाटतं. पण आपल्याकडे सातारा आणि सांगलीच्या पट्ट्यात हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. फरक इतकाच, की तिथं काम करत शिकणं ही हौस नव्हती. काम केलं नाही तर शाळाच सुटणार, अशी परिस्थिती होती.

हा प्रयोग ज्यांनी केला त्यांना अख्खा महाराष्ट्र कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखतो. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, लांब पांढरी दाढी, अंगावर खादी हे चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं. पण या माणसाने शिक्षणाची नेमकी काय पद्धत उभी केली आणि ती का उभी केली, हे फारसं सांगितलं जात नाही.

शाळेत न रमलेला मुलगा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. हे त्यांचं आजोळ. घराणं मूळचं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. कुटुंब जैन शेतकऱ्याचं. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत कारकून होते. त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि भाऊरावांचं बालपण दहिवडी, विटा अशा गावांत गेलं.

या काळातली एक गोष्ट आजही सांगितली जाते. गावातल्या विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून लहानग्या भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केलं त्याची चुणूक इथेच दिसते.

शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला पाठवण्यात आलं. राहायची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. तेव्हा कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज एकेका जातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं गेलं आणि त्यांनी नकार दिला. परिणामी बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. मग शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांना राहायला मिळालं. महाराजांचं काम त्यांनी तिथं जवळून पाहिलं.

अभ्यासात मात्र गाडी रुतली. मॅट्रिकचा टप्पा काही गाठता आला नाही आणि शिक्षण अर्ध्यात सुटलं.

पुढे हाच माणूस साताऱ्यात खासगी शिकवण्या घेऊ लागला आणि लोक त्याला पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. म्हणजे शिकवायची हातोटी होती, फक्त परीक्षेच्या चौकटीत ती बसत नव्हती.

लोखंडी नांगर विकता विकता दिसलेलं चित्र

१९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यावर डांबर टाकल्याचं प्रकरण गाजलं. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी ती दिली नाही. त्यापायी त्यांना कोठडी आणि छळ सोसावा लागला.

त्यातून बाहेर पडल्यावर भाऊराव उद्योगाच्या दुनियेत आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली होती आणि तिथं लोखंडी नांगर तयार होत होते. भाऊराव या नांगरांचे विक्रेते झाले.

आता लोखंडी नांगर विकणं हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. शेतकरी पिढ्यानपिढ्या लाकडी नांगर वापरत आलेला. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. नुसत्या बोलण्याने कुणी पैसे काढत नव्हतं. शेतात नांगर चालवून दाखवावा लागे. मातीचं ढेकूळ किती खोलवरून निघतं हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलं, की मग सौदा व्हायचा.

या फिरस्तीत भाऊरावांनी गावंच्या गावं पालथी घातली आणि त्यांना दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे गावात शाळा नाही. जिथं आहे तिथं ती चौथीला संपते. पुढे शिकायचं तर साताऱ्याला किंवा कराडला जायला हवं, आणि तिथं राहायला-जेवायला पैसे कुणाकडे आहेत?

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची होती. शिकलेला माणूस हाताने काम करत नव्हता आणि हाताने काम करणारा शिकत नव्हता. कुणी डोकं वापरायचं आणि कुणी हात, हे जन्माआधीच ठरलेलं होतं. एखादा कुणबी मुलगा कसाबसा चार बुकं शिकलाच, तर तोही शेताकडे पाठ फिरवायचा.

भाऊरावांना ही भिंत पाडायची होती.

सुरुवात झाली ती जेवणाच्या पंगतीपासून

याआधी १९१० च्या आसपास भाऊरावांनी मित्रांना सोबत घेऊन मिरज तालुक्यातल्या दुधगावात विद्यार्थी आश्रम काढला होता. ती पहिली तालीम होती.

खरी सुरुवात झाली ४ ऑक्टोबर १९१९ रोजी. दिवस दसऱ्याचा आणि ठिकाण कराड तालुक्यातलं काले गाव. सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने मंडळी जमली होती. तिथंच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, कष्टकरी माणूस. नावातच सगळं आलं.

पुढे काले आणि वाळवा तालुक्यातलं नेर्ले इथं वसतिगृहं चालली. १९२४ मध्ये संस्थेचं केंद्र साताऱ्याला हलवलं गेलं आणि तिथं वसतिगृह उभं राहिलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं काढली होती. त्या काळात मुलं शिकायला बाहेर पडावीत म्हणून ते गरजेचं होतं. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सगळ्या जातीधर्मांची मुलं एकाच छताखाली ठेवली. स्वयंपाक एक, पंगत एक.

आज हे वाचताना त्यात विशेष वाटणार नाही. पण १९२४ साली साताऱ्यात यावरून बहिष्कार पडायचा, देणगीदार हात आखडता घ्यायचे आणि नातेवाईक तुटायचे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि स्वतःची कामं स्वतः करतात हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. पुढे हरिजन सेवेच्या निधीतून त्यांनी या वसतिगृहाला मदतही मिळवून दिली.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र

बोर्डिंग चालवायला पैसा कुठून यायचा?

काही देणग्या यायच्या. गावोगाव मुष्टिफंड चालायचा. घरातल्या बाईने दळायला बसताना किंवा स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते मुलांसाठी गोळा व्हायचं. पण हे नेहमी पुरायचं नाही.

अशा वेळी पुढे आल्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरच्या त्या सधन. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. सुरुवातीला सगळ्या जातींच्या पोरांचं घरात असणं त्यांनाही जड गेलं. पण हळूहळू त्या या मुलांच्या आईच झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही मोडायला दिलं.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. रयतची माणसं आजही त्यांना रयतमाउली म्हणतात. भाऊरावांचं नाव घेताना त्यांचं नाव घेतलं नाही तर ही गोष्ट अर्धीच राहते.

कमवा आणि शिका म्हणजे नेमकं काय होतं?

देणगीवर किती दिवस चालणार, हा प्रश्न होताच. आणि भाऊरावांना फुकट देणंही मान्य नव्हतं. फुकट मिळालेल्या शिक्षणाने मुलगा मिंधा होतो असं त्यांचं मत होतं. यातूनच स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीद ठरलं.

मुलं पहाटे उठायची. पाणी भरणं, झाडलोट, दळण, स्वयंपाक, भांडी ही कामं पाळीने सगळ्यांकडे यायची. बोर्डिंगला जमीन मिळाली तिथं मुलं शेती करायची. इमारत उभी करायची असेल तर दगड फोडण्यापासून माती वाहण्यापर्यंत मुलंच असायची. साताऱ्यातल्या संस्थेच्या कित्येक इमारतींमध्ये विद्यार्थ्यांचा घाम मुरलेला आहे. उरलेल्या वेळात वर्ग आणि अभ्यास.

आता कुणीही विचारेल, ही बालमजुरी नाही का?

फरक समजून घ्यायला हवा. मजुरीत कामाचा फायदा दुसऱ्याला होतो आणि मूल शाळेबाहेर राहतं. इथं मुलगा जे पिकवत होता ते त्याच्याच ताटात पडत होतं आणि त्या कामामुळेच तो शाळेत टिकत होता. हे काम नसतं तर तो गावाकडे दुसऱ्याची गुरं राखत बसला असता.

दुसरं म्हणजे काम जातीवर वाटलेलं नव्हतं. झाडू ज्याच्या पाळीला आला त्याने मारायचा, मग तो पाटलाचा असो की महाराचा. ज्याला घरी कुणी पाण्याच्या घागरीला हात लावू देत नव्हतं, त्याच्या हातचं पाणी सगळी पंगत पीत होती. समतेवर भाषण देण्याची गरजच उरत नव्हती.

आणि तिसरं, कामातून मुलं शिकत होती. किती माणसांना किती धान्य लागेल, वाफ्याला पाणी किती, पायाचा दगड कसा बसवायचा, हिशोबाची वही कशी ठेवायची. हे गणित फळ्यावरच्या गणितापेक्षा पक्कं बसतं, कारण चुकलं तर संध्याकाळी कुणाला तरी भाकरी कमी पडते.

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यातला पुणे करार त्याच वर्षीचा आणि त्या ऐक्याची आठवण म्हणून हे नाव दिलं गेलं.

गांधीजींची नई तालीम आणि भाऊराव

१९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. मुलाला सूतकताईसारखा एखादा हस्तोद्योग शिकवायचा आणि त्याच्या आधाराने भाषा, गणित, भूगोल असे सगळे विषय शिकवायचे, अशी ही कल्पना.

भाऊरावांचं काम त्याआधी बरीच वर्षं सुरू होतं आणि त्याची मांडणी जराशी वेगळी होती. नई तालीममध्ये उद्योग हे शिकवण्याचं साधन होतं. भाऊरावांकडे श्रम हे आधी शिक्षणाचा खर्च भागवण्याचं साधन होतं आणि त्यातून श्रमाची प्रतिष्ठा आणि समता रुजत होती. वर्ध्याचा विचार अभ्यासक्रमातून आला, साताऱ्याचा भुकेतून. पोहोचले मात्र दोघेही एकाच ठिकाणी, हातालाही शिक्षणात जागा हवी इथं.

५७८ गावं आणि एकेक गुरुजी

वसतिगृहांत निवडक मुलं येत होती. पण ज्या गावात पहिलीचाही वर्ग नाही तिथल्या मुलांचं काय?

भाऊरावांनी याचं उत्तर उलट्या बाजूने शोधलं. आधी शाळा आणि मग मास्तर असं न करता आधी मास्तर घडवायचे ठरवलं. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली होती, त्यावरून हे नाव. पुढे या कॉलेजला महात्मा फुले यांचं नाव मिळालं.

नावातला रूरल हा शब्द महत्त्वाचा. इथून तयार होणारा शिक्षक शहरी साहेब होऊन चालणार नव्हता. त्याला खेड्यात राहायचं होतं, एकट्याने शाळा चालवायची होती. म्हणून त्यालाही श्रमाची सवय हवी होती. ज्याने स्वतः कधी मातीत हात घातला नाही तो मुलांना काय शिकवणार, असा साधा हिशोब होता.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं. जिथं शाळा नाही अशा गावांत खासगी संस्थांनी शाळा काढल्या तर सरकार अनुदान देईल, अशी योजना आली. त्यांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. १९३८ पासून भाऊरावांनी ही योजना उचलून धरली. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला पहिली शाळा निघाली आणि मग डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर शाळा निघत गेल्या.

तेव्हाचा सातारा जिल्हा फार मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरापासून कृष्णाकाठापर्यंत हे जाळं पसरत होतं.

या शाळा कशा होत्या? इमारत नसायचीच. गावकरी देतील ती जागा. देऊळ, चावडी, कुणाची पडवी. शिक्षक एकच आणि त्याच्यासमोर सगळ्या इयत्तांची मुलं एकत्र. अशा शाळेत एकालाच शिकवत बसता येत नाही. मोठ्या मुलाने धाकट्याला अक्षर गिरवून दाखवायचं, तोवर गुरुजी दुसऱ्या गटाकडे वळणार. साधनं म्हणजे समोर असेल ते. आज ज्याला बहुवर्ग अध्यापन म्हणून प्रशिक्षण दिलं जातं, ते या गुरुजींच्या अंगवळणी पडलेलं होतं.

अशा ५७८ व्हॉलंटरी शाळा रयतने चालवल्या. नंतर प्राथमिक शिक्षण शासनाच्या अखत्यारीत गेलं तेव्हा त्या सोपवल्या गेल्या. आज सातारा-सांगलीच्या एखाद्या वाडीवर जी जिल्हा परिषदेची शाळा दिसते, तिची मुळं कधी कधी या व्हॉलंटरी शाळेपर्यंत जातात.

मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका हव्यात म्हणून साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघालं.

हायस्कूल, कॉलेज आणि नावाचा प्रश्न

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, त्यांच्या स्मृतीला हा मान. इथं मुलांनी श्रम करायचे आणि त्या बदल्यात फी नाही. कमवा आणि शिका योजनेवर उभं राहिलेलं हे हायस्कूल पुढे इतर शाळांसाठी नमुना ठरलं.

१९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. या कॉलेजबाबत एक गोष्ट सांगितली जाते. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, पण अट घातली नाव बदलण्याची. भाऊरावांनी त्याला सांगितलं की एकवेळ मी माझ्या वडिलांचं नाव बदलेन, पण कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही. देणगी गेली, नाव राहिलं.

अनुदान बंद झालं तेव्हा

१९४८ हे वर्ष मात्र संस्थेच्या मुळावर आलं होतं.

३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर सातारा-सांगली भागात जाळपोळ झाली, वातावरण तापलेलं होतं. त्या काळातल्या भाऊरावांच्या एका भाषणावरून सरकारची नाराजी झाली आणि रयतचं अनुदान थांबवण्यात आलं.

शेकडो शाळा आणि हजारो मुलं. शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे? कुठलीही संस्था इथं कोसळली असती. पण शिक्षकांनी कळ सोसली आणि लोकांनी झोळीत टाकलं. ज्या गावांनी आपल्या हाताने शाळा उभी केली होती त्यांनी ती बंद पडू दिली नाही. गाडगे महाराजांनीही संस्थेसाठी शब्द टाकला. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झालं.

विशेष म्हणजे याच काळात भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प सोडला होता. सरकारशी भांडण आपल्या जागी आणि गांधीजींवरची निष्ठा आपल्या जागी.

१९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या माणसाचं नाव कॉलेजला देणं, हे भाऊरावांच्या विचाराला धरूनच होतं. पुढच्या वर्षी साताऱ्यात माध्यमिक शिक्षक घडवणारं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झालं.

शेवट आणि आजचं चित्र

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिला. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी.लिट. दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

आज रयत शिक्षण संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. साताऱ्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कमवा आणि शिका योजना भाऊरावांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावून, बागेत काम करून, ऑफिसात मदत करून आपली फी आणि मेसचा खर्च काढणारी गावाकडची पोरं आजही तिथं दिसतात.

पण भाऊरावांनी विचारलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. शाळेतल्या ॲक्टिव्हिटीत मातीचं मडकं करणाऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो. त्याच मुलाच्या वर्गातल्या कुंभाराच्या पोराने घरी रोज मडकी केली, तर तो अभ्यासात मागे पडतो म्हणून नाक मुरडतो. हाताच्या कामाला वर्गात मान आणि वर्गाबाहेर कमीपणा, हा दुटप्पीपणा आजही आहे.

भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये तो नव्हता. तिथं झाडूची पाळी सगळ्यांवर यायची आणि अभ्यासाचीही.